दोन हजार वर्षांच्या शेजाऱ्यासमोर नवं बांधताना

फ्रान्सच्या दक्षिणेला नीमहून आर्लकडे जाणाऱ्या ए-५४ महामार्गावर कायसार्ग नावाचा विश्रांतीथांबा आहे. तिथं गाडी लावून चार पावलं चाललं की झाडांच्या लांब रांगांच्या टोकाला दगडी खांबांची एक ओळ दिसते. खांबांवर छप्पर नाही आणि मागे इमारतही नाही. हे खांब नीमच्या जुन्या नाट्यगृहाच्या दर्शनी भागाचे. १९५२ साली नाट्यगृह जळालं, पण खांब वाचले आणि त्यानंतर कित्येक वर्षं ते शहराच्या मधोमध तसेच उभे राहिले. पुढे त्या जागी नवं सांस्कृतिक केंद्र बांधायचं ठरलं आणि खांबांची रवानगी महामार्गावर झाली. नीमच्या बऱ्याच लोकांना ते रुचलं नव्हतं.

त्या जागेवर आलेली इमारत म्हणजे ‘कारे दार’. रचना ब्रिटिश वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांची. स्पर्धा १९८४ मध्ये झाली आणि इमारत १९९३ मध्ये खुली झाली. आत सार्वजनिक ग्रंथालय, १९६० नंतरच्या कलेचं संग्रहालय, चित्रपटगृह, दस्तऐवजांची कोठारं आणि गच्चीवर कॅफे असा संसार आहे. पण वास्तुकलेत ती अजूनही शिकवली जाते ती समोरच्या शेजाऱ्यामुळे.

शेजारी म्हणजे ‘मेझों कारे’ हे रोमन देऊळ. रोमन काळातली जी देवळं जवळजवळ धड अवस्थेत उरली आहेत, त्यांत याचं नाव फार वर लागतं. लांबी सुमारे साडेसव्वीस मीटर, रुंदी साडेतेरा. जवळपास पुरुष-दीड पुरुष उंचीचं जोतं, त्यावर समोर सहा खांबांची खोल ओसरी आणि बाकी तिन्ही बाजूंना भिंतीत अर्धे रुतलेले खांब. सम्राट ऑगस्टसनं दत्तक घेतलेल्या गायस आणि लुशियस या दोन नातवांना ते वाहिलेलं आहे, म्हणजे वय दोन हजार वर्षं. एवढा काळ ते टिकलं, कारण त्याला कुणी रिकामं राहू दिलं नाही. कधी चर्च झालं, कधी नगराच्या कारभाऱ्यांचं घर, कधी तबेला, कधी सरकारी दफ्तरखाना, आणि १८२३ मध्ये संग्रहालय. २०२३ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं.

आता अशा देवळाच्या समोर तुम्हाला चार-पाच मजल्यांचं ग्रंथालय आणि कलासंग्रहालय बांधायला सांगितलं तर काय कराल?

सगळ्यात सोपा मार्ग नकलेचा. तो आधी एका फार मोठ्या माणसानं वापरलेला आहे. अमेरिकेचे थॉमस जेफरसन १७८७ मध्ये नीमला आले आणि या देवळाकडे तासन्‌तास बघत बसलो आहे, असं त्यांनी एका मैत्रिणीला पत्रातून कळवलं. त्याच्या आधीच त्यांनी व्हर्जिनिया राज्याच्या विधानभवनासाठी हे देऊळ नमुना म्हणून निवडलं होतं. रिचमंडमधली ती इमारत म्हणजे मेझों कारेचाच मोठा अवतार, फक्त खांबांचे माथे साधे केलेले आणि भिंतींना खिडक्या पाडलेल्या. समुद्रापलीकडे हे चालून जातं. मूळ देवळाच्या अगदी समोर तीच नक्कल उभी केली असती तर दोन्ही इमारतींचं हसं झालं असतं. दुसरा मार्ग उलटा, म्हणजे जुन्याशी आपला काही संबंध नाही असं ठरवून मनाला येईल ते भलंमोठं काहीतरी ठोकायचं. फॉस्टर यांनी देवळाचे आकार घेतले नाहीत, पण त्याची मापं आणि त्याचा भाव घेतला. जोतं, समोर उंच ओसरी, सडपातळ खांब, वर आडवं छप्पर, एवढी यादी दोन्ही इमारतींत सारखी आहे. त्यापलीकडे एकही नक्षी उसनी नाही.

खांबांकडे जरा निरखून बघू, कारण नव्या-जुन्यातला खरा फरक तिथं कळतो. देवळाचे खांब जाड आणि जवळजवळ आहेत. रोमनांना जाड खांबांची हौस होती म्हणून नव्हे. दगड दाबला तर भरपूर भार सोसतो, पण ताणला की तडकतो. दोन खांबांवर दगडी तुळई ठेवली की तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. खांब लांब-लांब ठेवले तर तुळई मधोमध खालून तडकणार. म्हणून दगडी बांधकामात खांबांची गर्दी अटळ असते. पोलाद दाब आणि ताण दोन्ही सोसतं. त्यामुळे कारे दारच्या ओसरीला पाच बारीक खांब पुरले आणि त्यांच्यावर पातळ पट्ट्यांचं छप्पर तरंगल्यासारखं बसलं. सहासमोर पाच ही संख्याही मला मजेशीर वाटते. ग्रीक-रोमन देवळांच्या दर्शनी भागात खांब सहसा सम संख्येत असतात, म्हणजे मधोमध खांब न येता वाट मोकळी राहते. इथं तो रिवाज मोडला आहे, पण कुणाला खुपेल असा नाही.

खरं कौशल्य मात्र दिसत नाही, ते जमिनीखाली आहे. कारे दार नऊ मजल्यांचं आहे आणि त्यातले जवळपास निम्मे मजले रस्त्याच्या पातळीखाली आहेत. सगळे मजले वर काढले असते तर देऊळ त्यापुढे खेळणं दिसलं असतं आणि आजूबाजूची दोन-तीन शतकं जुनी घरंही दबली असती. म्हणून वरची उंची शेजाऱ्यांच्या छपरांइतकीच राखली आणि उरलेला पसारा खाली घातला.

ऐकायला हे सोपं वाटतं, पण तळघर हा बांधकामातला सगळ्यात खर्चिक हट्ट असतो. पहिली अडचण मातीची. जुन्या वस्तीच्या मधोमध खोल खड्डा घेतला की शेजारच्या घरांखालची माती सरकायला बघते. म्हणून अशा ठिकाणी आधी कडेकडेनं जमिनीत काँक्रीटची भिंत उतरवतात आणि मगच आतली माती काढतात. दुसरी अडचण पाण्याची. भूजलाच्या पातळीखाली गेलेलं तळघर पाण्यात बुडवलेल्या रिकाम्या डब्यासारखं वर उचललं जाऊ बघतं. दर एक मीटर खोलीमागे पाणी तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर एक टन जोर लावतं. पाच मीटर खाली गेलात की पाच टन. हा जोर दाबून ठेवायला इमारतीचं वजन पुरेसं हवं, नाहीतर तळ खाली खडकात बांधून ठेवावा लागतो. आणि नीमचं पाण्याशी नातं जुनं आहे. एका झऱ्याभोवतीच हे गाव वसलं. ३ ऑक्टोबर १९८८ ला, म्हणजे या इमारतीचा प्रकल्प चालू असतानाच, वरच्या टेकड्यांवर काही तासांत इतका पाऊस कोसळला की शहराचे रस्ते नद्या झाले. अशा गावात कागदपत्रं आणि पुस्तकं जमिनीखाली ठेवायची म्हणजे तिथल्या इंजिनिअरांना पंप, निचरा आणि जलरोधक थर यांचा विचार किती वेळा करावा लागला असेल, याची कल्पना करता येते.

तिसरी अडचण उजेडाची, आणि माझ्या मते या इमारतीतला सगळ्यात देखणा भाग म्हणजे तिचं उत्तर.

खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड आत फार लांब जात नाही. ढोबळ हिशेब असा की खिडकीच्या उंचीच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत तो कामाचा असतो. खिडकीचा माथा तीन मीटरवर असेल तर सहा-सात मीटर आत गेल्यावर दिवा लावावा लागतो. मोठ्या इमारतीचा गाभा त्यामुळे भर दुपारीही अंधारा राहतो. मग गाभाच पोकळ करायचा. आपल्या वाड्यांत मधला चौक हेच काम करायचा: खोल्यांना पाठीमागून उजेड आणि वारा मिळायचा आणि घरातली सगळी वर्दळ तिथंच व्हायची. कारे दारच्या मधोमध असाच अनेक मजले उंच चौक आहे, फक्त वर काचेचं छप्पर आहे. दक्षिण फ्रान्सच्या जुन्या घरांतही असे अंगणवजा चौक असतात, त्यामुळे ही कल्पना तिथल्या मातीला परकी नव्हती.

पण चौक केला की त्यात जिने येतात आणि जिन्यांची सावली खाली पडते. म्हणून इथले मुख्य जिने काचेच्या पायऱ्यांचे केले. वरून आलेला उजेड पायऱ्यांमधून झिरपत खालच्या मजल्यांवर जातो आणि रस्त्याच्या पातळीखाली बसलेल्या वाचकालाही बाहेर ऊन आहे की ढग आलेत ते कळतं. आतला काँक्रीटचा सांगाडा, भिंती, लोखंडी कठडे, सगळं फिक्या रंगांत ठेवलं आहे ते याच कारणानं. गडद रंग उजेड गिळतात, फिके रंग तो पुढे ढकलतात. अशा जिन्यांवरून चढताना माणसं एकमेकांना दिसत राहतात, वरच्या मजल्यावर काय चाललं आहे ते खालून कळतं. लिफ्टनं गेलात तर हे सगळं हुकतं.

मजल्यांचा क्रमही उजेडावरच ठरला आहे. सगळ्यात खाली कोठारं आणि चित्रपटगृह, कारण दोघांनाही अंधारच हवा. त्याच्या वर ग्रंथालय. सगळ्यात वर कलादालनं, कारण चित्रशिल्पांना वरून पडणारा, पसरलेला, सावल्या न पाडणारा उजेड लागतो आणि तो छतातूनच मिळू शकतो. छताला काच असली तरी ऊन सरळ आत घेता येत नाही. भर उन्हात साधारण एक लाख लक्स इतका प्रकाश असतो. तैलचित्रासाठी संग्रहालयं २०० लक्सच्या आसपास थांबतात आणि कागदावरच्या चित्रासाठी ५० वरच. म्हणजे बाहेरचा उजेड शेकडो, कधी हजारो पटींनी गाळून घ्यायचा. त्यासाठी छतातल्या काचेखाली-वर पट्ट्या आणि पडदे यांची चाळणच लावावी लागते.

पुस्तकं खाली ठेवण्यामागे वजनाचाही हिशेब असतो. आपल्याकडच्या मानकांत घरातल्या खोलीच्या जमिनीसाठी चौरस मीटरमागे सुमारे २०० किलो भार धरतात, तर पुस्तकांच्या कोठारासाठी कमीत कमी ६००. कपाटं उंच असली तर आणखी. फ्रान्समध्ये आकडे थोडे वेगळे असतील, कागदाचं वजन तेच. असा भार जमिनीजवळ ठेवला की वरचे मजले हलके आणि मोकळे राहू शकतात.

या ग्रंथालयातला एक ठेवा मला फार आवडतो. नीमचे जाँ-फ्रान्स्वा सेगिये हे अठराव्या शतकातले विद्वान, वनस्पतींपासून शिलालेखांपर्यंत सगळ्यात रस असलेले. देवळाच्या दर्शनी पट्टीवर पूर्वी ब्राँझची अक्षरं ठोकलेली होती. ती केव्हाच उपटून नेली गेली आणि मागे राहिली फक्त खिळ्यांची भोकं. १७५८ मध्ये सेगिये यांनी त्या भोकांच्या मांडणीवरून मूळ लेख जुळवला, आणि देऊळ गायस आणि लुशियस यांचं आहे हे त्यातूनच पुढे आलं. सेगिये यांची हस्तलिखितं नीमच्या नगर ग्रंथालयाकडे आली. ते ग्रंथालय आज कारे दारमध्ये आहे.

हे सगळं उभं राहिलं त्यामागे राजकारणही होतं. १९८१ नंतर राष्ट्राध्यक्ष मित्तराँ यांच्या सरकारात जाक लांग संस्कृतिमंत्री होते, संस्कृतीचा निधी मोठा झाला आणि पॅरिसबाहेरच्या शहरांनाही आपली कलाकेंद्रं असावीत असा आग्रह सुरू झाला. पॅरिसचं पाँपिदू केंद्र १९७७ मध्ये उघडलं होतं आणि ग्रंथालय व आधुनिक कला एका छपराखाली आणल्यावर किती गर्दी होते ते सगळ्यांनी पाहिलं होतं. १९८३ मध्ये नीमचे महापौर झाले जाँ बुस्के, काशारेल या कपड्यांच्या ब्रँडचे संस्थापक. वास्तुकलेतून शहराची ओळख घडवायची हे त्यांनी मनावर घेतलं. वास्तुविशारद जाँ नुव्हेल यांची नेमोझ्यूस ही घरकुलं त्याच काळातली. राजकारणी म्हणून त्यांच्यावर टीका करायला जागा असेल, पण चांगला वास्तुविशारद शोधून त्याला काम करू देणारा नगराध्यक्ष ही चीज कुठल्याही देशात दुर्मीळच.

आता चौकाकडे येतो, म्हणजे बाहेरच्या. इतका वेळ इमारतीबद्दल बोललो, पण या प्रकल्पातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला विचाराल तर ती इमारत नाहीच. ती आहे इमारत आणि देऊळ यांच्यामधली मोकळी जागा.

फॉस्टर यांच्याकडे काम आलं तेव्हा देवळाभोवती लोखंडी कुंपण होतं, जाहिरातींचे फलक होते आणि नव्या जागेसमोर गाड्या उभ्या असायच्या. त्यांनी इमारतीचा आराखडा देतानाच हा सगळा परिसर आपल्या रेखाटनात घेतला. कुंपण आणि फलक गेले, पार्किंग हललं, फरसबंदी सलग झाली, कडेला झाडांच्या ओळी आल्या. फरसबंदीची आणि झाडांची आखणी रोमन काळातल्या काटकोनी रस्त्यांच्या जाळीला धरून आहे. देऊळ मुळात नगराच्या फोरमवर, म्हणजे भर वर्दळीच्या चौकात उभं होतं. कुंपणात घातल्यावर ते फक्त बघायची वस्तू झालं होतं.

मोकळ्या जागेचं एक साधं गणित असतं. इमारत मान न वाकवता, एका नजरेत पूर्ण दिसायला तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर उभं राहावं लागतं. त्याहून जवळ गेलात तर तुम्हाला भिंत दिसते, इमारत दिसत नाही. समोर गाड्या लावल्या की हे अंतर कागदावर असतं, माणसाला मिळत नाही. आपल्या कितीतरी शहरांतली नाट्यगृहं आणि सांस्कृतिक भवनं आठवून बघा: आधी कंपाउंडची भिंत, मग फाटक, मग पार्किंग, आणि त्यापलीकडे कुठेतरी पोर्च. नाटक नसेल त्या दिवशी तिकडे फिरकायला कारणच नाही. नीममध्ये पायऱ्यांवर बसायला तिकीट लागत नाही. ग्रंथालयात पाऊल न टाकणारा माणूससुद्धा त्या केंद्राचा वापर करत असतो.

गच्चीवरचा कॅफे याच हिशेबातला. सावलीत बसून समोर देवळाचं छप्पर दिसतं, म्हणजे रोमन काळात कुणाच्याही वाट्याला सहज न आलेला कोन.

सगळंच जमलं आहे असं मात्र नाही. दर्शनी भाग मला कधीकधी एखाद्या सधन कंपनीच्या मुख्य कचेरीचा वाटतो. काचेत देवळाचं प्रतिबिंब दिसतं याचं कौतुक पर्यटकांच्या फोटोंमुळे गरजेपेक्षा जास्त झालं आहे. काचेसमोर काहीही ठेवा, प्रतिबिंब दिसणारच. उन्हाचा प्रश्न जास्त गंभीर. इमारतीचं तोंड पूर्वेला देवळाकडे आहे. ओसरीवरचं आडवं छप्पर माथ्यावरचं ऊन अडवतं, पण सकाळचा तिरपा सूर्य त्याच्या खालून थेट आत येतो, आणि त्याला उभ्या पट्ट्या किंवा पडदेच लागतात. हा भाग किती तापतो याचा अंदाज हवा असेल तर २८ जून २०१९ ला याच जिल्ह्यातल्या गालार्ग-ल-मोंत्यु इथं ४५.९ अंश नोंदले गेले होते. हा आकडा नागपूर-चंद्रपूरच्या माणसालाही ओळखीचा. ऐंशीच्या दशकात आखलेल्या काचेच्या इमारतींना यापुढे थंड ठेवणं दरवर्षी महाग होत जाणार, आणि कारे दार त्याला अपवाद नाही.

नीमनं हाच पेच पुढे पुन्हा एकदा सोडवून पाहिला. तिथलं दुसरं मोठं रोमन बांधकाम म्हणजे गोल रंगभूमी, जिथं आजही बैलांचे खेळ आणि मैफली होतात. तिच्या समोर २०१८ च्या जूनमध्ये रोमन वारशाचं नवं संग्रहालय उघडलं. रचना एलिझाबेत द पोर्तझाम्पार्क यांची. तिथं जोतं नाही, खांब नाहीत, जुन्या मापांची उसनवारी नाही. काचेच्या हजारो छोट्या चौकटींची लाटांसारखी वळणारी त्वचा संपूर्ण इमारतीवर पांघरली आहे, टोगा या रोमन अंगवस्त्राच्या चुण्यांची आठवण करून देणारी, आणि तळमजल्यातून आरपार एक सार्वजनिक वाट काढली आहे. दगडाच्या भक्कम, गोल वजनासमोर हलकं आणि वळणदार काहीतरी ठेवायचं असा तो विचार. मला स्वतःला फॉस्टर यांचा संयम जवळचा वाटतो. पण नीमला जाणार असाल तर दोन्ही एकाच दिवशी पाहा. मधलं अंतर पायी दहा मिनिटांचंही नाही.